काळ्या शाईतला बाप

वार्का मेदाच्या तालुका कचेरीत आतो, म्हणजे श्रीयुत, मुलुनेह वोल्दे यांच्या टेबलावर कायम दोन पेनं असायची. निळं पेन कारकुनाचं. काळं कशाला, हे चोवीस वर्षांत कुणी विचारलं नाही. कचेरीत माणसं आपापल्या कामाला येतात, कारकुनाची पेनं मोजायला नाही.

मुलुनेह जन्मनोंदीचे कारकून. उंच, जरासे वाकलेले, कोटाच्या खिशात मूठभर भाजलेला सातू. आईच्या पाठीवरचं पोर रडायला लागलं की चार दाणे आईच्या हातावर ठेवायचे, ‘तू खा, म्हणजे ते गप्प बसेल,’ म्हणायचे आणि नोंद करायला घ्यायचे. पोर काही गप्प बसायचं नाही, पण आई हसायची. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. त्यांनी आणि बायकोने, एतागेनने, आसपासच्या मठांतले पवित्र पाण्याचे झरे एकूण एक पालथे घातले होते. मग तो विषय घरात निघेनासा झाला.

काळं पेन आलं येशीच्या दिवशी. येशी सोळा वर्षांची, एका धान्यव्यापाऱ्याकडे घरकामाला होती. ती आली तेव्हा पाठीवर बारा दिवसांची मुलगी होती. मुलुनेहनी अर्ज ओढला.

“मुलीचं नाव?”

“हिरुत.”

“बापाचं?”

येशीने अंगावरच्या पांढऱ्या शालीचा काठ तोंडाला लावला. “लिहा काहीही.”

“काहीही कसं लिहू? उद्या शाळेत मास्तर हजेरी घेतील, तेव्हा काय ‘हिरुत काहीही’ म्हणून हाक मारतील?”

येशी आधी हसली आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. आमच्याकडे आडनाव नसतं. पोराच्या नावापुढे बापाचं नाव, त्याच्यापुढे आजोबांचं, संपलं. बापाची चौकट रिकामी असली की साहेब अर्ज परत फेकत. अर्ज नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर लस नाही, शाळा नाही. मुलुनेह चौकटीकडे बघत बसले आणि मग त्यांनी तिथे ‘मुलुनेह वोल्दे’ असं लिहिलं. वय आपलं, जन्मगाव आपलं. खोटं लिहितानाही माणूस प्रामाणिकच राहिला. शेवटी बापाची सही आली. कारकुनाची आणि बापाची सही एकाच शाईत बरी दिसेना, म्हणून त्यांनी खणातलं काळं पेन काढलं.

“आत्तापुरतं हं,” ते येशीला म्हणाले आणि शिक्का मारला.

‘आत्तापुरतं’ हा शब्द सरकारी कचेरीत फार चिवट असतो. बायकांमध्ये हळूच पसरलं: बुधवारी जा, बुधवारी साहेब जिल्ह्याला असतो, टेबलावर एकटा मुलुनेह असतो. सहा महिन्यांनी एक आली, पुढच्या वर्षी दोन आल्या. एक तर सहा वर्षांचा मुलगा हाताला धरून आली, शाळा दाखल्यावाचून घेईना म्हणून. मुलुनेह कुणाला काही विचारत नसत. काळं पेन उघडत. चोवीस वर्षांत एकतीस झाली. पकडले गेले तर नोकरी जाणार, तुरुंगही चुकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ज्या बाईची कूस उजवली नाही तिला काय सांगायचं, की मी कचेरीत बसून एकतीस पोरांचा बाप झालो?

गेल्या वर्षी राजधानीहून, अदिसहून, सोस्ना आली. तिशीच्या आतली, बारीक कापलेले केस, चालायची असं की पाठोपाठ कागद उडावेत. कचेरी सुधारायला तिला पाठवलं होतं. पहिले तीन दिवस तिने कुणाला ओळख दिली नाही. डोक्यावरून शाल घेऊन खेड्यातली बाई झाली आणि जन्मदाखल्याचा अर्ज घेऊन दारोदार फिरली. पाच दारं, तीन दिवस, सात शिक्के. सातवा शिक्का ज्याच्या कपाटात तो गृहस्थ दूरच्या मयताला गेलेला. चौथ्या दिवशी तिने शाल काढली, सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाली, “यापुढे माणूस फिरणार नाही, कागद फिरेल. आणि शक्य झालं तर कागदही फिरणार नाही.”

“पोरगी कचेरीची दारंच काढून नेणार बहुतेक,” हिशेबनीस कुजबुजला.

खरंच नेली तिने. सुतार बोलावून मधल्या भिंती पाडल्या, पाच खोल्यांचा एक हॉल केला आणि पुढे एक खिडकी ठेवली. चौदा माणसांना नव्याने कामं वाटली. खिडकीवर कोण, असं तिने गावात विचारलं, तर बायकांनी एकमुखाने मुलुनेहचं नाव घेतलं. साठीला दोन वर्षं राहिलेला माणूस संगणक शिकला, एका बोटाने का होईना. डोंगरापलीकडची म्हातारी येई आणि कॉफीचं दुसरं पाणी उकळेपर्यंत दाखला घेऊन जाई. मुलुनेह घरी येऊन सांगायचे, “एतागेन, पोरगी सोन्याची आहे. आम्ही एवढी वर्षं लोकांना उगीच दमवलं.”

आणि त्याच वेळी ते धास्तीने कपाटात उरलेली जुनी रजिस्टरं मोजायचे, कारण ती एकेक करून संगणकात चालली होती.

नवा छापील अर्ज आला तेव्हा तर ते उठून मागच्या अंगणात जाऊन बसले. अर्जावर स्पष्ट लिहिलं होतं: बाप माहीत नसल्यास चौकट रिकामी ठेवावी, आई सांगेल ते दुसरं नाव लावावं. त्यांनी तीनदा वाचलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण राग आला. एवढंच होतं? एक चौकोन रिकामा सोडायची परवानगी? चोवीस वर्षांपूर्वी कुणा शहाण्याला हे सुचलं असतं तर येशीला त्या दिवशी रडावं लागलं नसतं, आणि आपल्याला रात्रंदिवस चोरासारखं जगावं लागलं नसतं.

हिदार महिन्यातल्या एका सोमवारी खिडकीसमोर एक मुलगी आणि एक मुलगा उभे राहिले. मुलगी म्हणजे येशीची हिरुत, आता दवाखान्यात परिचारिका. मुलगा बिरूक, शाळेत गणित शिकवणारा. लग्नाआधीची नोंद करायची होती. दाखला असला तरच दोघांना एका गावी बदली मिळणार होती.

“दोघांचेही बाप मुलुनेह,” हिरुत हसत म्हणाली. “म्हटलं, मुलुनेह नावाच्या माणसाकडूनच काम करून घ्यावं.”

मुलुनेह नावाची माणसं आमच्याकडे पैशाला पासरी, त्यामुळे दुसऱ्याचा बाप कुणी वेगळाच मुलुनेह असेल असं दोघांनीही धरलं होतं. मुलुनेहनी मात्र बिरूककडे निरखून पाहिलं. सहा वर्षांचा असताना आईचा हात धरून आलेला तो मुलगा त्यांना आठवला. पण मागे मोठी रांग होती. त्यांनी एका बोटाने दोन्ही नावं भरली. संगणकाने क्षणभर विचार केला आणि लाल चौकट उभी केली: वधू आणि वर यांचा पिता एकच. नोंद करता येत नाही.

“वीज गेली,” मुलुनेह म्हणाले.

“बल्ब तर चालू आहे, गाशे,” बिरूक म्हणाला. वडीलधाऱ्याला म्हणतात तसं ‘गाशे’ तो म्हणाला खरा, पण आवाज कोरडा होता.

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खिडकीत मान घातली. त्याला वाचता येत होतं, हेच गावाचं दुर्दैव. “अरे देवा, यांचा बाप एकच! लग्न जमवताना आम्ही सात पिढ्या चाळून काढतो. ही पोरं एकही पिढी सोडायला तयार नाहीत!” सगळी रांग हसली. म्हाताऱ्याने आणखी मान वाकवली. “मुलुनेह वोल्दे, जन्मगाव गोश मेदा... थांबा थांबा. हा तर हाच की!”

मग जे हसू उठलं ते बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल. हसला नाही तो एकटा बिरूक. तो मुलुनेहकडे टक लावून बघत होता.

सोस्नाने येऊन खिडकी बंद केली. दोघांना बाकावर बसवलं आणि मुलुनेहना आत नेलं. तिने एक कळ दाबली. पडद्यावर एकतीस नावं उतरली.

“गाशे मुलुनेह, हे काय आहे?”

त्यांनी सांगितलं. येशीपासून सगळं, काळ्या पेनासकट. सोस्ना ऐकत होती तसतशी लाल होत गेली.

“मी परवा वर लिहून पाठवलंय! या तालुक्यात एकही खोटी नोंद नाही! आणि तुम्ही माझ्याच खिडकीत बसून...” ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. मग म्हणाली, “शाळेत माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या नावापुढे रेघ होती. आम्ही तिला रेघ म्हणायचो. मीसुद्धा.”

तिने पडद्यावरची यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली.

“ऐका,” सोस्ना म्हणाली. “माणूस समोर येऊन ‘हे मूल माझं’ म्हणाला की कायदा त्याला आणखी काही विचारत नाही. त्यामुळे मलाही विचारता येत नाही. पण या दोघांतली एक नोंद कापावी लागेल. एक म्हणजे कारकुनाची चूक, तिला ताकीद पुरते. एकतीस कापायच्या झाल्या तर ताकीद नाही, पोलीस. आणि एकतीस पोरांचे कागद रद्द.”

“एकच कापायची?”

“एकच. कुणाची, ते तुम्ही ठरवा. आणि उरलेल्या तिसांचे तुम्ही खरे बाप व्हाल, नावापुरते नाही. घरावर त्यांचा हक्क येईल. घर दोघांच्या नावावर आहे ना? मग बाईंची, एत्ये एतागेनची, सही हवी. उद्या सकाळी सांगा.”

ते बाहेर आले तर बिरूक अंगणात वाट बघत उभा होता. हिरुत थोडी मागे.

“आई वारली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो,” बिरूक म्हणाला. “ती म्हणायची, कचेरीतला तो उंच माणूस तुझा बाप. त्याला त्रास देऊ नकोस. मी दिलाही नाही. शाळा सुटली की त्या निलगिरीखाली उभा राहायचो. तुम्ही घरी जाताना दिसायचात. वाटायचं, आज हाक मारतील. मी सहावीत गेलो, सातवीत गेलो. किती मोठा झालो की हाक मारणार होतात?”

एका वाक्यात सुटका होती. अरे पोरा, मी तुझा कुणी नाही, तुझ्या आईने आणलेल्या कागदावर फक्त सही केली. मुलुनेहनी ते वाक्य ओठांपर्यंत आणलं आणि त्या पोराच्या तोंडाकडे बघून गिळलं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “फार चुकलं.”

बिरूक वळला आणि निघून गेला. हिरुत जवळ आली. तिला आईने सगळं सांगितलेलं होतं; नाव कुणी दिलं आणि का दिलं, तेही.

“गाशे, माझं नाव कापा.”

“तू पहिली आहेस गं,” मुलुनेह म्हणाले. “सगळ्यांत पहिली.”

“मला आई आहे. त्याला कुणीच नाही. कालपर्यंत निदान राग धरायला एक बाप होता, तोही आपण काढून घ्यायचा?” तिने शालीने डोळे पुसले. “मी तुमची नाही एवढं त्याला सांगते. बाकीचं तुम्ही आणि तो बघा.”

मुलुनेह घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. एतागेन तव्यावर आंबोळीसारखा इंजेरा घालत होती. पीठ गोल ओतलं, झाकण ठेवलं, वर पाहिलं नाही.

“एकतीस?”

“हं.”

“माझ्यासाठी तुम्ही डोंगर चढून झऱ्याचं पाणी आणलं होतं. तेव्हा किती झाली होती?”

“अकरा.”

तिने झाकण उचललं, इंजेरा काढला, पुन्हा पीठ ओतलं. “लोक म्हणताहेत, एतागेनचा नवरा गावभर बाप झाला आणि हिला पत्ता नाही. ते जाऊ दे, लोकांचं तोंड काय धरता येतं? पण एकतीस, अहो! त्यातलं एक तरी घरी आणायचं होतं. जेवायला. माझ्या हातचा एक घास त्याच्या पोटात गेला असता तर तुमच्या कागदाचं काय बिघडलं असतं?”

“वाटलं, तुला कळलं तर हाकलून देशील.”

“कुणाला? पोराला की तुम्हाला?”

तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

“तुम्हाला दिलं असतं,” एतागेन म्हणाली. “पोराला नसतं.” आणि ती तव्यापाशीच बसून रडली. इंजेरा करपला. तीस वर्षांत त्या घरात इंजेरा करपला नव्हता. मुलुनेह तिच्या शेजारी खाली बसले. त्यांनी तिला बिरूकबद्दल सांगितलं, निलगिरीबद्दल, हिरुत काय म्हणाली ते, आणि शेवटी सहीबद्दल.

एतागेनने नाक पुसलं आणि घराकडे एकदा सगळीकडून पाहिलं. “मातीच्या भिंती आणि पत्रा. तीस जणांत वाटलं तर एकेकाला ढेकूळ येईल. कुठे करायची सही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सही केली. मुलुनेहनी ‘हे मूल माझं’ असं लिहिलेल्या तीस कागदांवर सह्या केल्या, सगळ्या काळ्या शाईत, सोस्नाच्या समोर. मग जुनं रजिस्टर उघडलं. चुकीची नोंद ज्याने केली त्यानेच कापायची, असा नियम आहे. हिरुतचं पान पिवळं पडलं होतं. त्यांना रेघ सरळ मारता येईना. हिरुतने शेजारी उभं राहून पान दाबून धरलं.

“वाकडी आली तरी चालेल,” ती म्हणाली.

संगणकात तिचं नाव झालं हिरुत येशी. लाल चौकट पुन्हा आली नाही. हिरुतने बिरूकला एवढंच सांगितलं होतं, की माझ्या वेळी या माणसाने नुसतं नाव उसनं दिलं होतं. तुझ्या वेळी काय, ते ना तिने सांगितलं, ना त्याने कधी विचारलं. गणिताचा मास्तर तो, एकतीसचा अर्थ त्याला लागला नसेल असं मला वाटत नाही. पण आठवड्याने तो मुलुनेहच्या दारात आला, उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, “हिरुतच्या घरी मागणी घालायला वडील माणसं पाठवायची आहेत. हेडमास्तर येतो म्हणालेत, पाद्री येतो म्हणालेत. बापाशिवाय जाणं बरं दिसत नाही.”

एतागेनने त्याला हाताला धरून आत ओढलं आणि त्याच्यापुढे एवढं वाढलं की त्या बिचाऱ्याला दुसऱ्या दिवशी शाळेला जाता आलं नाही.

रविवारी मंडळी येशीच्या घरी निघाली. मागणीला पुरुषच जातात. एतागेनने ठेवणीतली शाल घेतली तेव्हा पाद्री चपापले.

“एत्ये, तुम्ही?”

“मी का नाही? तीस वर्षं घरात बसून लोकांचं ऐकलं ते पुरे झालं.”

येशी आता घरी जवाची दारू गाळून विकते. दारू मिळते याची खूण म्हणून दाराबाहेर काठीवर डबा उलटा लावलेला असतो. अंगणात बाकडी मांडली होती. मुलीकडून बोलायला येशीचा थोरला भाऊ, आतो गेताहुन, बसला होता. कडक माणूस. बहिणीच्या वाट्याला जे आलं त्याचा राग त्याने चोवीस वर्षं जपून ठेवला होता.

“या, बसा.”

“आमचं ऐकल्याशिवाय बसणार नाही,” हेडमास्तर म्हणाले. रीतच आहे ती.

“मुलाच्या सात पिढ्या मोजा मग.”

मुलुनेह पुढे झाले. “बिरूकचा बाप मुलुनेह,” त्यांनी सुरुवात केली. “मुलुनेहचा वोल्दे. वोल्देचा चेकोल. चेकोलचा अयालेव. अयालेवचा एन्गदा. एन्गदाचा ताफेरे. ताफेरेचा वोर्कू.” एकेक नाव ते सावकाश घेत होते. कुंपणाबाहेर बिरूक उभा होता. त्याला आजवर पहिली दोनच नावं माहीत होती, तीही कागदावरची. तो ओठांतल्या ओठांत मागोमाग म्हणत होता, आणि चौथ्या नावाला त्याने मान खाली घातली.

आतो गेताहुनने आपल्या घराण्याची नावं मोजली. कुठे काही जुळलं नाही. पण त्याचं समाधान झालं नव्हतं. त्याने मुलुनेहना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“बाकी सगळं ठीक आहे,” तो म्हणाला. “पण मुलगी कुठल्या घरात द्यायची ते विचारायला हवं. तुम्हाला मुलं किती, आतो मुलुनेह? गावात बरंच काही ऐकतोय.”

अंगणात कुणीतरी खुसखुसलं. पाद्र्यांनी आभाळाकडे पाहिलं. मुलुनेहनी कोटाच्या खिशातला सातू चाचपला. एतागेनने शाल खांद्यावर नीट घेतली आणि नवऱ्याच्या पुढे येऊन उभी राहिली.

“एकतीस होती,” ती म्हणाली. “एक कापावी लागली. तीच मागायला आलोय.”